आजोबांची काळी खोली पुन्हा सुरू करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशातील जुन्या घरात आजोबांच्या स्टुडिओची डार्करूम बरीच वर्षे कुलूपबंद होती. साफसफाई करताना तेथे एक एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो काढण्याचे यंत्र), एनॅमलचे ट्रे, काही बाटल्या आणि निगेटिव्हनी भरलेल्या पत्र्याच्या तीन ट्रंका सापडल्या. निगेटिव्हच्या पाकिटांवर पेन्सिलीने आकडे लिहिलेले आहेत. उदाहरणार्थ एकावर '१४, व. उ. +५, चे. −३, नॉ.' असे आहे आणि त्याचा अर्थ लागत नाही. लहानपणी लाल दिव्याखाली कागदावर चेहरा उमटताना पाहिल्याची आठवण मनातून जात नाही, म्हणून ही खोली पुन्हा सुरू करावी असे वाटते. पण हा निव्वळ जुन्या दिवसांचा मोह आहे का, आणि गोव्याच्या हवेत आज हे जमण्यासारखे आहे का, असे प्रश्नकर्तीने विचारले आहे.

मोह आहे हे खरे, आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. मीही त्यातून सुटलेलो नाही. मी फोंड्याला वडिलांच्या हाताखाली शाळकरी वयात या कामाला लागलो आणि तासाभरात रंगीत फोटो काढून देणारी यंत्रे येऊन आमचे काळ्या-पांढऱ्याचे काम संपेपर्यंत दिवसाचे निदान पाच तास अंधारात घालवले. त्या अनुभवावरून सांगतो की म्हापशात ही खोली आजही चालू करता येईल. परंतु तुमची आठवण जेथे थांबते तेथे डार्करूमचे काम अर्धेही झालेले नसते. लाल दिव्याखाली चेहरा उमटतो तो पहिल्या ट्रेमध्ये. तो फोटो टिकणार की नाही हे पुढच्या ट्रेमध्ये आणि त्याहून अधिक नळाखाली ठरते. ते पाहण्यासाठी आजोबांनी तुम्हाला बहुधा थांबवून घेतले नसेल, कारण तेथे पाहण्यासारखे काही नसते.

तरीही आधी त्या उमटण्याविषयी लिहितो. फोटोच्या कागदावर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. ज्या स्फटिकांवर प्रकाश पडतो त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारा अतिशय बारीक बदल होतो, आणि डेव्हलपर, म्हणजे पहिल्या ट्रेमधले रसायन, नेमक्या त्याच स्फटिकांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करतो. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या आजच्या आर. सी. कागदावर दहा-पंधरा सेकंदांत डोळे आणि केस दिसू लागतात. जुन्या पद्धतीच्या फायबर कागदाला त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. हे पाहताना पहिल्यांदा कोणाचाही श्वास थांबतो, आणि नवशिक्याची पहिली चूकही येथेच होते. चित्र पुरेसे काळे झाले असे वाटून तो कागद चिमट्याने उचलतो. वास्तविक फायबर कागद डेव्हलपरमध्ये पूर्ण दोन मिनिटे राहिला पाहिजे. लवकर उचललेल्या प्रिंटमधील काळा रंग काळा न राहता राखेसारखा मळकट दिसतो. त्यातच लाल दिव्याखाली प्रिंट आहे त्यापेक्षा गडद भासते, आणि फायबर कागद वाळल्यावर पुन्हा किंचित गडद होतो, म्हणजे डोळा दोन उलट्या दिशांनी फसवतो. माझे वडील यावर एकच उपाय करत असत: कागद ट्रेमध्ये सरकवला की ते त्याच्याकडे पाठ करून घड्याळाकडे पाहत. प्रिंट गडद झाली तर एन्लार्जरचे सेकंद कमी करायचे, ट्रेमधला वेळ कमी करायचा नाही. मला तो निव्वळ रुक्षपणा वाटत असे. स्वतः महिनाभर रद्दी निर्माण केल्यावर मीही पाठ फिरवायला शिकलो.

आता नळाखालची गोष्ट. एका मे महिन्यात आमच्या भागात पाणी दिवसाआड येत होते आणि लग्नसराई ऐन भरात होती. एका लग्नाच्या तीस-पस्तीस प्रिंट मी एकाच टबमध्ये, तेच पाणी दोनदा बदलून धुतल्या, चकाकी येण्यासाठी काचेवर ग्लेझिंगला लावल्या आणि वेळेवर दिल्या. फोटो सुंदर दिसत होते. चार पावसाळे गेल्यावर वधूचे वडील अल्बम घेऊन दुकानात आले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी अल्बम उघडून काउंटरवर ठेवला. शालूच्या पांढऱ्या भागावर चहा सांडल्यासारखे डाग होते आणि चेहऱ्यांचा काळा रंग कडांनी पिवळट होऊन उडत चालला होता. निगेटिव्ह माझ्याकडे जपून ठेवलेल्या होत्या, म्हणून सगळ्या प्रिंट पुन्हा काढून, या वेळी पुरत्या धुऊन, पैसे न घेता दिल्या. काळ्या खोलीची आठवण निघाली की इतरांना लाल दिवा आठवतो, मला तो अल्बम आठवतो.

त्यात घडले ते असे. डेव्हलपर आपले काम करून झाला तरी प्रकाश न पडलेल्या ठिकाणचे चांदीचे क्षार कागदात तसेच असतात, आणि ते काढले नाहीत तर उजेडात हळूहळू काळवंडतात. ते विरघळवण्याचे काम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, करतो. हा गुण जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये, म्हणजे फोटोग्राफी जगापुढे येण्याच्या वीस वर्षे आधीच, नोंदवून ठेवला होता. परंतु हायपो स्वतः कागदात उरला तर त्यातील गंधक सावकाश चांदीवर चढतो आणि तिचे पिवळट-तपकिरी सल्फाइड होते. उष्णता आणि दमट हवा ही क्रिया वाढवतात, आणि आपल्याकडे या दोन्हींची ददात नाही. म्हणून कोरड्या थंड गावातल्या छायाचित्रकाराला जी हयगय पचून जाते ती गोव्यात पचत नाही. पांढरा भाग पुढे काळवंडला तर हायपो कमी पडला आणि काळा भाग पिवळा पडला तर पाणी कमी पडले, असा साधारण ओळखण्याचा नियम आहे. माझ्या त्या अल्बममध्ये दोन्ही दोष होते, कारण घाईत हायपोही दमलेलाच वापरला होता.

हायपो दमला की नाही हे ओळखणे सोपे आहे. न वापरलेल्या फिल्मचा एक तुकडा त्यात टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे. ताज्या हायपोत लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट लागू लागला तर तो टाकून द्यावा. कागदासाठी दोन ट्रे ठेवावेत. बहुतेक क्षार पहिल्यात निघतात, उरलेले दुसऱ्या, ताज्या ट्रेमध्ये. पहिला दमला की टाकून दुसरा त्याच्या जागी सरकवायचा. धुण्यासाठी आर. सी. कागदाला वाहते पाणी दोन मिनिटे पुरते, कारण रसायन प्लास्टिकच्या अस्तरामुळे आत मुरत नाही. फायबर कागदाला नुसत्या पाण्याने तासभर लागतो. पाण्याची टंचाई असेल तर मध्ये एक सोडियम सल्फाइटचा ट्रे ठेवावा: लिटरला वीस ग्रॅम, दहा मिनिटे. त्याच्या आधी आणि नंतर पाच-पाच मिनिटांचे धुणे पुरेसे होते. मला हे त्या मे महिन्यात ठाऊक असते तर अल्बम परत आला नसता. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे: समुद्राचे खारे पाणी हायपो गोड्या पाण्यापेक्षा लवकर काढते. मात्र मागे राहिलेले मीठ हवेतील ओल ओढून घेते, म्हणून शेवटी गोड्या पाण्याने धुणे टळत नाही. हणजुणेच्या किनाऱ्यावर बादली घेऊन जाण्याची गरज नाही, पण तत्त्व तेच आहे.

उष्णतेचा मुख्य त्रास कागदापेक्षा फिल्म धुताना, म्हणजे डेव्हलप करताना, होतो. फिल्मच्या डब्यावरचे आणि रसायनांच्या पाकिटांवरचे सगळे वेळ २० अंश सेल्सिअस गृहीत धरून दिलेले असतात, आणि आपल्या टाकीतले पाणी मे महिन्यात ३० अंशांच्या पुढे जाते. उदाहरणार्थ, इलफर्डची एचपी-५ प्लस फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, एकास एक पाणी घालून, २० अंशांवर १३ मिनिटे धुवायची असते. २४ अंशांवर तोच वेळ नऊ मिनिटांच्या आसपास येतो. त्याहून वर गेल्यास वेळ इतका आखडतो की फिल्म धुण्याची डबी उलटीसुलटी करण्यातला थोडासा फरकही फोटोतल्या आभाळावर पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. पाच मिनिटांच्या खाली कधी जाऊ नये. शिवाय गरम पाण्यात जिलेटिन फुगून इतके मऊ होते की नखाचा स्पर्श झाला तरी ओरखडा उठतो, आणि गरम डेव्हलपरमधून काढून एकदम गार पाण्यात टाकल्यास त्या थराला सुरकुत्या पडतात. अशी सुरकुतलेली निगेटिव्ह पुन्हा सरळ होत नाही.

आम्ही यावर जे करत होतो ते आजही करता येईल. चिऱ्याच्या विहिरीचे पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा चांगले तीन-चार अंशांनी गार असते. पहाटे, किंवा रात्री अकरानंतर, ते काढून मातीच्या मडक्यात ठेवावे. डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचे पाणी या तिन्हींची भांडी एकाच मोठ्या परातीत ठेवून परातीत बर्फ टाकावा. डेव्हलपरमध्ये बर्फ कधीही टाकू नये, कारण तो वितळून मिश्रण पातळ करतो. सगळ्यांचे तापमान २४ अंशांवर आणून तेथेच धरले तरी भागते. वीस हा आकडा गाठण्यापेक्षा पहिल्या भांड्यापासून शेवटच्या पाण्यापर्यंत एकच आकडा राखणे अधिक महत्त्वाचे आहे. वडील कडक उन्हाळ्यात डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट मिसळत, त्यामुळे जिलेटिन कमी फुगते, आणि हायपोत तुरटी घालत, त्यामुळे ते घट्ट होते. तुरटीचा हायपो मात्र धुवून निघायला अधिक वेळ घेतो, म्हणून तो कागदासाठी वापरू नये. विहिरीच्या पाण्यात लोहाचा अंश आणि बारीक गाळ असतो. डेव्हलपर बनवण्यासाठी ते उकळून, गार करून, कापसातून गाळून घ्यावे.

डेव्हलपर घरी बनवणे अवघड नाही, फक्त ग्रॅमच्या दहाव्या हिश्शापर्यंत अचूक असा तराजू हवा. कोडॅकच्या डी-७६ चे सूत्र सर्वश्रुत आहे: एक लिटरला मेटॉल दोन ग्रॅम, कोरडे सोडियम सल्फाइट शंभर ग्रॅम, हायड्रोक्विनोन पाच ग्रॅम आणि बोरॅक्स दोन ग्रॅम. आधी मेटॉल विरघळवावे, मग सल्फाइट. क्रम उलटा केल्यास मेटॉल नीट विरघळत नाही. मेटॉलने अनेकांच्या बोटांना खाज सुटून कातडी फाटते, म्हणून हातमोजे घालावेत. आमच्या घरात तीन पिढ्यांचे हात पाहिले तर वयापेक्षा मेटॉलच अधिक दिसेल. उरलेला डेव्हलपर हवेने तपकिरी होऊन मरतो. बाटली अर्धी झाली की तिच्यात काचेच्या गोट्या टाकून द्रव गळ्यापर्यंत चढवायचा ही युक्ती आजही अचूक चालते, आणि ट्रंकेत काचेच्या गोट्या सापडल्या तर त्या कोणा मुलाच्या आहेत असे समजू नका. बाटल्या फेणीच्या असतील, आमच्याही त्याच होत्या; पण ज्या बाटलीतून कोणी चुकून पिण्याची शक्यता आहे तिच्यात रसायन ठेवण्याचा जुना निष्काळजीपणा तुम्ही करू नये. ट्रेमधील डेव्हलपर थांबवण्यासाठी ॲसिटिक आम्ल एक-दोन टक्के पुरते. घरातला माडाच्या सुरेचा विनागर वापरून पाहण्याचा मोह आवरावा, तो गाळ सोडतो.

आता ट्रंकांकडे येतो, कारण माझ्या मते खोलीला हात लावण्यापूर्वी तुम्ही त्यांना हात लावला पाहिजे. जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून बनते आणि बुरशीला ते अन्न म्हणूनच दिसते. हवेतील आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या पुष्कळ वर असते. ज्या निगेटिव्हवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतील त्या पाण्याने धुऊ नका. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो, कारण पहिल्यांदा प्रत्येकाला तेच सुचते. बुरशी लागलेले जिलेटिन पाण्यात विरघळू लागते, आणि चेहरा अक्षरशः वाहून जातो. कोरड्या मऊ ब्रशने धागे झटकावेत आणि शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या बोळ्याने, अलगद पुसावे. निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढू नका. त्या बाजूला ठेवून जाणकाराला दाखवा. एखाद्या पाकिटाला विनेगरचा वास आला तर त्या फिल्मचा पाया असलेले ॲसिटेट कुजू लागले आहे असे समजावे आणि ते पाकीट इतरांपासून दूर करावे, कारण त्यातून निघणारे आम्ल शेजारच्यांनाही बाधते. फारच जुन्या फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' असा इंग्रजी शब्द छापलेला नसेल आणि ती पिवळी, चिकट झाली असेल, तर ती नायट्रेटची असू शकते. ती चटकन पेट घेते, तेव्हा बल्बच्या जवळ नेऊ नये. काचेच्या प्लेटा निघाल्या तर त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा.

साफ झालेल्या निगेटिव्ह जुन्या पाकिटांत परत घालू नयेत, पॉलिप्रॉपिलीनच्या बाह्यांत (पातळ प्लास्टिकच्या खोळींत) घालाव्यात, पीव्हीसीच्या नकोत. जुनी पाकिटे मात्र टाकू नका, प्रत्येक नवीन बाहीबरोबर जपून ठेवा, त्याचे कारण पुढे येईल. नंतर उजळ पांढऱ्या पॅनेलवर निगेटिव्ह ठेवून साध्या डिजिटल कॅमेऱ्याने प्रत्येकीची नक्कल काढून घ्यावी. काळ्या खोलीच्या भक्ताने डिजिटल नक्कल काढायला सांगावी याचे आश्चर्य वाटू नये. पुढच्या पावसाळ्यात यांपैकी किती निगेटिव्ह राहतील याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही, आणि चित्र शिल्लक असले तर बाकीच्या चर्चेला अर्थ आहे. ट्रंकांच्या जागी दार घट्ट बसणारे छोटे कपाट घ्यावे, त्यात तळाशी कमी शक्तीचा बल्ब अखंड पेटता ठेवावा किंवा सिलिका जेल ठेवावे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आंचेवर तापवून ते पुन्हा वापरता येते.

एन्लार्जरविषयी फार लिहीत नाही, कारण ते यंत्र साधे असते आणि बहुधा चालू निघेल. लेन्स काढून उजेडासमोर धरा. आत बुरशीचे जाळे असेल तर ती उघडून साफ करणाऱ्याकडे न्या किंवा दुसरी शोधा. पस्तीस मिलिमीटर फिल्मसाठी ५० मिलिमीटरची, आणि आगफा क्लिकसारख्या कॅमेऱ्यातील सहा बाय सहा सेंटिमीटर निगेटिव्हसाठी ७५ किंवा ८० मिलिमीटरची लेन्स लागते. एन्लार्जरचा भाता (लेन्सच्या वरचा घड्यांचा भाग) फाटला असेल तर आत बल्ब लावून अंधारात पाहिले की भोके दिसतात. संध्याकाळी गावातला व्होल्टेज पडला की बल्ब मंद होतो आणि बारा सेकंदांचा फोटो फिका येतो, म्हणून स्टॅबिलायझर हवा. आमच्या वेळी तो नव्हता आणि आम्ही वीज पाहून सेकंद मोजत असू. लाल दिवा म्हणून झिरो वॉटचा रंगवलेला बल्ब सर्रास वापरला जात असे. तो वापरण्यापूर्वी कागदाच्या तुकड्यावर नाणे ठेवून पाच मिनिटे थांबावे आणि तो तुकडा डेव्हलप करून पाहावा. नाण्याचे वर्तुळ दिसले तर दिवा भरवशाचा नाही.

मात्र ट्रंकेत हाफ प्लेट किंवा क्वार्टर प्लेट आकाराच्या मोठ्या निगेटिव्ह निघाल्या, आणि स्टुडिओ जुना असल्याने त्या निघतील असा माझा अंदाज आहे, तर सुरुवातीला एन्लार्जरची गरजच नाही. कागदावर निगेटिव्ह ठेवायची, वर स्वच्छ काच दाबायची, आणि डोक्यावरचा बल्ब काही सेकंद लावायचा. आकार निगेटिव्हएवढाच राहतो, पण तपशील असा उतरतो की मोठ्या प्रिंटने लाजावे. नोव्हा गोवा, म्हणजे आजची पणजी, येथील सौझा अँड पॉल यांच्यासारख्या जुन्या छायाचित्रकारांचे फोटो ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या त्या छोट्या प्रिंटमधील लेसचा प्रत्येक धागा मोजता येतो हे ठाऊक असेल.

कागद आणि फिल्म आज मिळतात, फक्त नाक्यावर मिळत नाहीत. मुंबईच्या विक्रेत्यांकडून मागवाव्या लागतात. इंग्लंडची इलफर्ड आणि चेक देशातील फोमा या कंपन्या अजून काळा-पांढरा कागद बनवतात. उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' माल ज्या दुकानांत रचलेला असे ती दुकाने आता मोबाइलची कव्हरे विकतात. पूर्वी कागद सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड अशा वेगवेगळ्या डब्यांत घ्यावा लागे आणि नेमका हवा तो डबा संपलेला असे. आजचा मल्टिग्रेड कागद एकाच डब्यात ते सगळे देतो: पिवळ्या फिल्टरने सौम्य, जांभळट फिल्टरने कडक. जुन्या काळाविषयी कितीही जिव्हाळा असला तरी या एका बाबतीत नवे निर्विवाद चांगले आहे. सुरुवातीला आर. सी. कागदावर शिकावे, हात बसल्यावर फायबर घ्यावा. प्रत्यक्ष कोणाच्या शेजारी उभे राहून शिकायचे असेल तर गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी या संस्थेने जुन्या पद्धती शिकवण्याचे काम केलेले आहे, तेथे चौकशी करावी. खोलीत सापडलेल्या जुन्या कागदाचे डबे फेकण्यापूर्वी एक तुकडा डेव्हलप करून पाहा. बहुतेक राखाडी येईल.

वापरलेला हायपो सोकपिटात किंवा परसात ओतू नये. त्यात विरघळलेली चांदी असते आणि म्हापशातही अजून परसातल्या विहिरी वापरात आहेत. आमच्याकडे महिन्यातून एकदा एक माणूस कॅन घेऊन येत असे आणि वापरलेला हायपो तोलून विकत नेत असे. तो त्यातून चांदी काढी. असा माणूस आज मिळणार नाही. लोखंडाची तार-घासणी कॅनमध्ये टाकून काही दिवस ठेवली की चांदी गाळ होऊन तिच्यावर बसते आणि तिच्या जागी लोह विरघळते. तो गाळ वेगळा साठवावा.

मला स्वतःला काय आठवते असे विचाराल तर, अल्बम सोडून, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी तुमच्या आजोबांच्या स्टुडिओत जशी गर्दी होत असेल तशी आमच्याकडे जत्रेच्या दिवसांत होणारी गर्दी आठवते. बोटीवर निघालेल्या तारवटींचे, म्हणजे खलाशांचे, कागदपत्रांसाठीचे फोटो, त्यांच्या पाठीमागे उभी राहून 'आमचाही एक काढा' म्हणणारी बायकामुले, आणि कधी एखादी बाई ग्रुप फोटो पुढे करून गेलेल्या नवऱ्याचा एकट्याचा फोटो काढून मागायची. मग रात्री तो शेंगदाण्याएवढा चेहरा एन्लार्जर पार वर चढवून मोठा करायचा, त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढायचा, टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर डोळ्यांची कड दुरुस्त करायची. हे काम आज संगणकावर दहा मिनिटांत आणि पुष्कळ सफाईने होते, त्याबद्दल मला हळहळ नाही. आम्ही रंगवलेली कित्येक माणसे स्वतःसारखी कमी आणि आमच्या पेन्सिलीसारखी जास्त दिसत.

आता पाकिटावरचे आकडे. ते तुमच्यासाठीच लिहून ठेवल्यासारखे आहेत. '१४' म्हणजे संपूर्ण प्रिंटला चौदा सेकंद प्रकाश. 'व. उ. +५' म्हणजे त्यानंतर बाकीचा कागद हाताने किंवा भोक पाडलेल्या पुठ्ठ्याने झाकून वरच्या उजव्या कोपऱ्याला पाच सेकंद अधिक, म्हणजे तो कोपरा गडद करायचा. 'चे. −३' म्हणजे त्या चौदांपैकी तीन सेकंद तारेच्या टोकावर चिकटवलेल्या छोट्या चकतीने चेहरा झाकून ठेवायचा, म्हणजे तो उजळ राहतो. चकती सतत हलती ठेवावी, नाहीतर तिची कड चेहऱ्याभोवती वलयासारखी दिसते. 'नॉ.' म्हणजे नॉर्मल ग्रेडचा कागद. मल्टिग्रेडवर दोन नंबरच्या फिल्टरपासून सुरुवात करा. तुमचा बल्ब आणि कागद वेगळे असल्याने चौदा सेकंद जसेच्या तसे चालणार नाहीत. कागदाच्या पट्टीवर तीन-तीन सेकंदांच्या पायऱ्या देऊन आपला मूळ वेळ शोधावा लागेल. पण प्रमाण तेच राहील. तुमचा वेळ एकवीस सेकंद आला तर कोपऱ्याला साडेसात अधिक आणि चेहऱ्याला साडेचार कमी.

त्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. स्टुडिओत दिवे लावून काढलेल्या फोटोत चेहऱ्यावर पुरेसा उजेड असतो, तो उजळण्यासाठी झाकावा लागत नाही, आणि मागचा पडदा एका कोपऱ्यात इतका लख्ख नसतो. येथे चेहरा सावलीत आहे आणि त्याच्या मागे, वर उजवीकडे, झगझगीत उजेड आहे. म्हणजे बहुधा हा फोटो कोणाच्या तरी घरी काढलेला आहे, बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) किंवा खिडकीकडे पाठ करून बसवून. म्हापशाच्या त्याच घरात अशी जागा असेल तर निगेटिव्ह हातात धरून तेथे उभ्या राहून पाहा. खिडकीचे गज निगेटिव्हवर काळ्या उजेडात पांढरे दिसतील, ते मोजता येतात.